घरची गोधडी

खानदेशांतील थंडी थोडक्या दिवसांची असते; पण जितके दिवस असते तितके दिवस ती आपला अंमल चांगलाच बजावते. वैशाखांत पारा ४५ अंशांच्या आसपास नेणारी हीच काळी भूमि पौषाच्या रात्रीं इतकी निवते कीं, जळगांवच्या बाजूस तो कधीं कधीं १० अंशांच्याहि खालीं उतरतो. अशा वेळीं घरोघर ट्रंका उघडतात, माळ्यावरचीं बोचकीं खालीं येतात आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासासह गोधड्या बाहेर पडतात. बाजारांत रजया आहेत, दुलया आहेत, ब्लँकेटें आहेत. तरी घरांतील लहान मूल आजीच्या गोधडीचेंच टोंक ओढूं लागतें. असें कां व्हावें? या साध्या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेलें असतां एका पिकाचा, एका कलेचा आणि घरांतील बायकांच्या कष्टांचा इतिहास हळूहळू उलगडूं लागतो.

गोधडी ही हिंदींतील गुदडीची सख्खी बहीण. दक्षिण महाराष्ट्रांत तिला वाकळ म्हणतात, कानडी मुलखांत कौदी म्हणतात, आणि तान्ह्या बाळासाठीं केलेल्या तिच्या लहान अवतारास आपण दुपटें म्हणतों. यांशिवाय चौघडी असा एक शब्द आहे, आणि त्यांत एक सुंदर हिशेब दडलेला आहे. नऊवारी लुगडें म्हणजे २७ फूट लांबीचें वस्त्र. त्याच्या चार सारख्या घड्या घातल्या कीं प्रत्येक घडी ६ फूट ९ इंचांची होते. पन्हा ४५ इंचांचा धरला तर एका माणसास पायांपासून डोक्यापर्यंत पुरेल असें चारपदरी पांघरूण तयार होतें. कात्री लावावी लागत नाहीं, कीं एक तसूभर कापड वायां जात नाहीं. भूमितीचें पुस्तक कधीं न पाहिलेल्या बायकांनीं हें गणित पिढ्यान्‌पिढ्या हातानें सोडविलें.

चार पदरांनींच ऊब कां येते, हेंहि समजून घेण्यासारखें आहे. कापड स्वतः उष्णता निर्माण करीत नाहीं; उष्णता शरीराची असते. दोन पदरांच्या मध्यें जी हवा अडकून राहते ती उष्णतेस सहज बाहेर जाऊं देत नाहीं. एक जाड चादर आणि तितक्याच वजनाचे चार पातळ पदर यांत पदर अधिक उबदार ठरतात तें यामुळें. टांक्यांचें काम पदर एकमेकांपासून सरकूं न देण्याचें. टांके फार दाट आणि ताणून घातले तर मधली हवा दबते आणि गोधडी लाकडासारखी ताठ होते. फार विरळ घातले तर आंतलें कापड एका कोपऱ्यांत गोळा होतें. या दोहोंमधलें अंतर म्हणजेच गोधडी शिवण्याची विद्या.

ही विद्या खानदेशांत रुजावी यांत नवल नाहीं. तापी आणि गिरणा यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन कापसाची माहेरभूमि. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि हिंदुस्थानांतील कापसाचे भाव चढले. त्याच सुमारास आगगाडीचा रस्ता या मुलखांत आला. पुढें जळगांव, अमळनेर, धुळें, चाळीसगांव येथें कापडगिरण्यांचे भोंगे वाजूं लागले. शेतांत कापूस, गांवांत गिरणी आणि घरांत सुई, अशी साखळी तयार झाली. आज जळगांवच्या खानदेश मिलचा भोंगा बंद होऊन बरींच वर्षें लोटलीं आहेत. पिंप्राळा, जें एके काळीं शहराबाहेरचें स्वतंत्र खेडें होतें, तें आतां जळगांव महानगरपालिकेंतील एक उपनगर झालें आहे. आषाढी एकादशीस तेथें विठ्ठलाचा रथ निघतो तेव्हां मात्र जुनें गांव पुन्हा जागें होतें. आणि रथाच्या वाटेवरील जुन्या घरांत डोकावणाऱ्यास दोरीवर वाळत घातलेली एखादी गोधडी अजून दिसूं शकते.

दिसूं शकते, असें सावधपणें म्हणावें लागतें. कारण गोधडीचा कच्चा मालच घरांतून नाहींसा होत चालला आहे. पूर्वी घरांत धोतरें होतीं, लुगडीं होतीं, मांजरपाटाचे सदरे होते. तें सारें सूत होतें. धुऊन धुऊन तें रेशमासारखें मऊ होई. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन दशकांत टेरिलिन आलें, नायलॉन आलें, पॉलिएस्टर आलें. नऊवारीची जागा पांचवारीनें घेतली. तिच्या चार घड्या घालाव्या तर प्रत्येक घडी पावणेचार फुटांचीच होते. कृत्रिम धाग्याची साडी फाटत नाहीं हा तिचा गुण खरा. पण ती घाम शोषीत नाहीं, अंगावरून निसटते आणि विस्तवाजवळ जळतांना वितळून कातडीस चिकटते. तिची गोधडी दिसते झगझगीत, पण ती पांघरून कोणास गाढ झोंप लागत नाहीं.

आतां पिंप्राळ्यांतील असें एक घर कल्पावें. पौषांत घरची म्हातारी निवर्तली. तिच्या पेटींत तीन नऊवारी लुगडीं निघालीं: एक हिरवें, एक तांबड्या कांठांचें काळें, एक पार विरलेलें अंजिरी. सुनेनें तीं नीट घडी करून पुन्हा पेटींत ठेविलीं. नात शहरांत शिकलेली. तिनें कोठेंतरी ठिगळकामाचीं चित्रें पाहिलीं होतीं. ती म्हणाली, “आई, या लुगड्यांचे चौकोन कापून एक छान गोधडी करूं.” सुनेच्या डोळ्यांत पाणी आलें. “सासूबाईंच्या वस्तूला या घरांत कात्री लागणार नाहीं,” असें म्हणून तिनें पेटीस कुलूप घातलें. दोघींचेंहि म्हणणें खोटें नव्हतें. वस्तु जपावी असें एकीस वाटत होतें, आणि वस्तु वापरांत राहावी असें दुसरीस वाटत होतें. असा वाद आज कित्येक घरांत आहे. फरक इतकाच कीं, बहुतेक ठिकाणीं तो कपाट आवरण्याच्या दिवशीं भांडीवालीच्या टोपलींत संपतो.

या घरांत तो आखाजीस संपला. अक्षय्य तृतीयेस खानदेशांत आखाजी म्हणतात. त्या दिवशीं पितरांच्या नांवानें घागर भरतात आणि सासुरवाशिणी माहेरीं येऊन झोक्यावर बसतात. म्हातारीची लेक आईविना पहिल्यानेंच माहेरीं आली होती. पेटी उघडली गेली. तिनें हिरवें लुगडें उलगडलें, पाटावर बसून त्याच्या चार घड्या घातल्या आणि ती म्हणाली, “वहिनी, कात्री कशाला हवी? आई चौघडीच घालायची. अंजिरी आंत जाईल, हिरवें वर राहील, आणि पदर उशाकडे येईल.” भाचीस ती म्हणाली, “आणि तुझे चौकोन पाहिजेत ना? माझ्या फाटक्या पातळाचे काप आणि कडेला लाव.” सुनेनें किल्ली कमरेला खोंचली आणि सुयांची डबी आणावयास ती आंत गेली.

अशा घरांत पुढील पंधरा दिवस काय घडलें असेल, तें क्रमानें पाहिल्यास कोणत्याहि घरास गोधडी शिवतां येईल.

पहिली पायरी कापडाची पारख. कापड उजेडापुढें धरावें. जेथें तें फार विरळ दिसेल तो भाग आंतल्या पदरांत घालावा, मजबूत भाग वर आणि खालीं ठेवावा. सूत कीं कृत्रिम धागा, याचा संशय आला तर एक धागा काढून ताटलींत जाळून पाहावा. सूत कागदासारखें जळून हलकी राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी बनतो. दुसरी पायरी धुण्याची. नवें कापड घालावयाचें असल्यास तें आधीं गरम पाण्यांत भिजवून आटवून घ्यावें. तसें न केलें तर पहिल्या धुण्यांतच तें आकसतें आणि सबंध गोधडी सुरकुतते. गडद रंगावर ओलें पांढरें फडकें चोळून पाहावें. फडक्यास रंग लागला तर तें कापड दोन-तीनदां धुतल्याखेरीज वापरूं नये.

तिसरी पायरी अंथरण्याची. स्वच्छ जमिनीवर खालचा पदर उलटा अंथरावा, त्यावर आंतले पदर आणि शेवटीं वरचा पदर सुलटा घालावा. हाताच्या तळव्यानें मध्यापासून कडेकडे सुरकुत्या सारीत जावें. कोपऱ्यांवर वरवंटा, अडकित्ता, पितळी तांब्या, जें जड असेल तें ठेवावें. मग वीत वीत अंतरावर मोठाले कच्चे टांके घालून सर्व पदर टाचून घ्यावे. ही पायरी कंटाळवाणी म्हणून नवशिके ती गाळतात आणि अर्धी गोधडी झाल्यावर मध्यें आलेला फुगा पाहून उसवीत बसतात.

चौथी पायरी खऱ्या शिवणाची. टांका एकच, धांवदोरा. सुई लांब, दोरा सुती. दोरा दीड हातापेक्षां लांब घेऊं नये, नाहीं तर त्याचा गुंता होतो. विरलेल्या कापडावर पॉलिएस्टरचा चिवट दोरा वापरूं नये. तो तुटत नाहीं, पण कापडास करवतीसारखा कापतो. गांठ वर दिसूं देऊं नये. ती दोन पदरांच्या मध्यें ओढून घ्यावी. बोटास अंगुस्तान घालावें. ओळी सरळ घालाव्या किंवा कडेपासून आंत आंत चौकोनी फेरे घेत मध्यावर यावें. दोन्ही रीति रूढ आहेत. पांचवी पायरी कडेची. गोधडी प्रथम विटते आणि फाटते ती कडेस. म्हणून तेथें लुगड्याचा घट्ट विणीचा कांठ दुहेरी मुडपून शिवावा. जो कांठ पूर्वी पायाशीं धुळींत लोळत असे, तो आतां गोधडीचें कुंपण होतो.

शोभेचा विचार याच्यानंतर येतो आणि तो मर्यादेनें यावा. त्रिकोण जोडून शंकरपाळे करतां येतात, दोन रंगांचे चौकोन जोडून सोंगट्यांचा पट करतां येतो, पदराचा एखादाच तुकडा मधोमध बसवितां येतो. हल्लीं घरीं केलेल्या कामांत रंगांची गर्दी फार होते. एक गडद, एक फिकट आणि एक उठावदार अशा तीन रंगांवर थांबणारी गोधडी बहुधा डोळ्यांस निवविते. उरल्या तुकड्यांतून उशीचा अभ्रा, बाळाची कुंची, चहाच्या किटलीचें आच्छादन, शाळेची पिशवी इतक्या वस्तु होतात. द्रौपदीनें कृष्णाच्या बोटास बांधण्यासाठीं भरजरी शालू फाडल्याची कथा घरोघर सांगितली जाते. चिंधीची किंमत कापडावरून ठरत नाहीं, ती कोणत्या वेळीं कोणाच्या उपयोगीं पडली यावरून ठरते, हें तिचें तात्पर्य प्रत्येक शिवणाऱ्या हातास ठाऊक असतें.

ही कला आपल्याच घरची असली तरी ती एकटी नाहीं. बंगाल्यांत जुन्या साड्यांची कांथा शिवतात. १९२९ सालीं जसीमुद्दीन या कवीनें ‘नक्षी कांथार माठ’ हें काव्य लिहिलें, त्यांत पतीची वाट पाहणारी एक खेडवळ स्त्री आपलें सारें आयुष्य कांथेवर भरते आणि तीच कांथा अखेर तिच्या कबरीवर पसरली जाते. बिहारांत सुजनी आहे, सिंध-कच्छांत रल्ली आहे. उत्तर कानडा जिल्ह्यांत, हल्याळ-यल्लापूरच्या रानांत सिद्दी लोक राहतात. आफ्रिकेंतून आणलेल्या माणसांचे ते वंशज. त्यांच्या बायका कवंदी शिवतात ती कोपऱ्यापासून सुरुवात करून फेरे घेत मध्यापर्यंत. आणि चारी कोपऱ्यांस कापडाची त्रिकोणी घडी बसवितात, तिला फूल म्हणतात. फूल नसलेली कवंदी त्यांना उघडीबोडकी वाटते. अमेरिकेंत अलाबामा संस्थानांत जीझ बेंड नांवाच्या वस्तींतील काळ्या स्त्रियांनीं जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ सालीं ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयांत भिंतीवर चित्रांप्रमाणें टांगल्या गेल्या आणि २००६ सालीं त्यांचीं चित्रें तेथील टपालाच्या तिकिटांवर छापलीं गेलीं. थंडी वाजूं नये म्हणून जें केलें, तें पुढें कला ठरलें.

टंचाईनेंहि ही विद्या अनेकदां जगविली आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ सालीं, इंग्लंडच्या सरकारनें जुनें दुरुस्त करून वापरा असें सांगणारी पुस्तिका काढली. त्याच वर्षीं आपल्याकडे कापडावर नियंत्रण आलें. तेव्हां ठिगळ लावणें ही लाज राहिली नाहीं. गाडगे महाराजांनीं तर (ते १८७६ सालीं जन्मले आणि १९५६ सालीं निवर्तले) ठिगळांचें वस्त्रच आपला वेष केला, आणि कित्येक ठिकाणीं लोक त्यांना गोधडे महाराज म्हणूं लागले. शिवण हें केवळ मुलींचें काम, ही समजूतहि या ठिकाणीं सोडून द्यावयास हवी. नामदेव शिंपी होते. सुईदोरा हातीं धरल्यानें त्यांच्या भक्तीस कोठें उणेपणा आला नाहीं. घरांतील मुलगा बटण लावूं शकत नसेल तर त्याच्या शिक्षणांत एक धडा राहिला असेंच म्हटलें पाहिजे.

एक गोष्ट मात्र कौतुकाच्या भरांत विसरली जाते, आणि ती कष्टांच्या मोलाची. वर सांगितलेली चौघडी ८१ इंच लांब आणि ४५ इंच रुंद. इंचा-इंचावर एक, अशा ४५ ओळी घातल्या तर शिवणाची एकूण लांबी ३,६४५ इंच, म्हणजे १०१ वार होते. इंचास तीन टांके धरले तर टांके होतात जवळ जवळ ११,०००. एका ओळीस वीस मिनिटें लागलीं, तर नुसत्या ओळींना १५ तास हवेत. धुणें, अंथरणें, टाचणें, कड शिवणें हें धरून काम वीस-पंचवीस तासांवर जातें. आज शहरांत कांहीं बायका मजुरीनें गोधड्या शिवून देतात. त्यांच्या दारांत उभें राहून “जुनेंच तर कापड आहे, इतके पैसे कशाचे?” असें विचारणारीं माणसें पुष्कळ असतात. प्रश्न विचारण्यापूर्वीं त्यांनीं स्वतः एक ओळ घालून पाहावी. कापड जुनें असतें. वेळ, डोळे आणि पाठ हीं कोणाचींच जुनीं मिळत नाहींत. सुशिक्षित घरांतील मुलींनीं व मुलांनीं हौसेनें एक तरी गोधडी शिवावी, याचें एक कारण असें कीं, त्यानंतर दुसऱ्याच्या श्रमाची घासाघीस करण्यास जीभ सहसा रेटत नाहीं.

जळगांवाजवळच्या असोद्याला १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांच्या ओव्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांच्यासारख्या घरच्या माणसांनीं लिहून ठेविल्या, म्हणून १९५१ सालीं त्या गेल्यानंतर, १९५२ सालीं, त्या ग्रंथरूपानें महाराष्ट्रास मिळाल्या. त्याच मुलखांत, त्याच पिढींत, जात्याजवळ बसून आणखी कितीजणींनीं गोधड्या शिवल्या असतील! त्यांच्या कामावर नांव नाहीं, तारीख नाहीं. निदान आतां ज्यांच्या घरीं अशी एखादी गोधडी असेल त्यांनीं ती कोणीं, केव्हां, कोणाच्या वस्त्रांतून शिवली, तें घरांतील वडील माणसांस विचारून एका पट्टीवर लिहावें आणि ती पट्टी मागल्या कोपऱ्यास टांचून ठेवावी. नवरात्रापूर्वीं गोधड्या धुण्याची चाल आहे. त्या दिवशीं हें काम सहज होण्यासारखें आहे. धुतांना गोधडी पिळूं नये; पाणी निथळूं द्यावें आणि दोन दोऱ्यांवर आडवी पसरून दोन्ही अंगांनीं उन्हांत वाळवावी.

त्या कल्पिलेल्या घरांत गोधडी पुरी झाली ती आखाजीनंतर पंधरा दिवसांनीं. कडेचे चौकोन नातीनें लावले. ते थोडे वांकडे झाले, तरी आत्यानें उसवूं दिले नाहींत. मधल्या ओळी सुनेनें घातल्या. हिरवा पदर उशाकडे आला. पेटी रिकामी झाली, पण सुनेस तिची आतां रुखरुख वाटत नव्हती. पुढच्या पौषांत पहिली थंड रात्र पडेल तेव्हां ती गोधडी कोणी पांघरावी यावरून मात्र त्या घरांत पुन्हा वाद होईल. आणि अशा वादांत घरांतल्या सर्वांत लहान मुलाचाच जय होत आला आहे.